कोर्ट उठेपर्यंत

चिमण फिर्यादी आणि बाबल्या आरोपी. दोन वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं, पण तारखेच्या दिवशी ते डहाणूच्या कोर्टात एकाच मोटारसायकलवरून जायचे. रानशेतच्या त्या पाड्यावर यात कोणालाच काही वावगं वाटत नसे. चालती मोटारसायकल एकच, तीही बाबल्याची. एसटी कोर्टाच्या वेळेला कधी जुळत नसे. आणि चिमणचं भांडण बाबल्याशी होतं, मोटारसायकलशी नव्हतं. फक्त पाठ लागू नये म्हणून चिमण दोघांच्या मध्ये आपली पिशवी ठेवायचा.

भांडण म्हशीवरून झालं. बाबल्याची म्हैस चिमणच्या वालाच्या शेतात शिरली, चिमणने ती बांधून ठेवली आणि बाबल्याने येऊन त्याच्या डोक्यात काठी घातली. टाके पडले, पण टाक्यांचं चिमणला फारसं दुःख नव्हतं. "मारला तं मारला," तो बायकोला, रूपीला सारखं सांगायचा, "पन मागून मारला. आनि वर कोर्टात म्हनतो, मी मारलाच नाय!" ते वाक्य बाबल्याला त्याच्या वकिलाने शिकवलं होतं. बाबल्या ते एकदाच म्हणाला होता, पण चिमणच्या पोटात ते दोन वर्षं जळत होतं. त्याला दुसरं काही नको होतं. बाबल्याने उभं राहून 'मारलं' म्हणायचं, एवढंच.

मागच्या तारखेला जज्जसाहेब वैतागले होते. "पुढच्या वेळी फिर्यादी आला नाही तर त्याची साक्ष बंद करीन, आणि आरोपी आला नाही तर पकड वॉरंट काढीन," असं त्यांनी दोघांना बजावलं. म्हणून त्या ऑक्टोबरच्या सकाळी दोघं लवकर निघाले, आणि आशागडच्या अलीकडे मोटारसायकलचं पुढचं चाक बसलं.

"कोनी मुद्दाम खिळा टाकून ठेवला व्हता काय?" चिमण रस्त्याकडेच्या पळसाला म्हणाला.

"दोन वर्षं फुकट बसून काही लोकांचं वजन वाढलंय," बाबल्याने चाकाला सांगितलं.

ढकलत ढकलत त्यांनी गाडी पंक्चरवाल्याच्या टपरीपर्यंत आणली. टपरीला कुलूप. शेजारच्या बाईने सांगितलं की मालक तलासरीला सासरवाडीला गेलाय, उद्या येईल. आता मात्र दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात केला, आणि शेवटी स्कूटरवरून डहाणूला कामावर निघालेले रेल्वेतले परेशभाऊ थांबले. "एकालाच घेतो हां. पाय ठेवायला जागा नाही, डबे आहेत."

दोघंही जागचे हलेनात. चिमण गेला तर आरोपी गैरहजर, बाबल्याला वॉरंट. बाबल्या गेला तर साक्ष बंद, चिमणची केस पाण्यात.

"तू जा," बाबल्या म्हणाला.

चिमणने मागे वळून पाहिलं, हा कोणाशी बोलतोय म्हणून. मागे कोणी नव्हतं.

"आनि तू?"

"गाडी रस्त्यात टाकून कसा येऊ? करतो कायतरी. तू साहेबाला सांग, बाबल्या वाटेत हाय, पळून नाय गेला."

"मी सांगू? अरे, मी फिर्यादी हाय!"

"मंग तिथं आपला दुसरा कोन हाय?"

परेशभाऊंनी हॉर्न वाजवला आणि चिमण मागे बसला.

स्कूटरवर बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आज आपल्याला काहीच करायचं नाही. नुसतं गप्प बसायचं. बाबल्या आपोआप आत. हा विचार त्याला डहाणूची पहिली घरं दिसेपर्यंत फार गोड लागला. मग तो कडू झाला. बाबल्या आत जाणार तो पंक्चरसाठी. काठीचं राहिलंच की!

कोर्टात शिपायाने तीनदा पुकारा केला. "आरोपी बाबल्या लडक्या, हाजिर!" बाबल्या नाही. त्याचे वकील पालघरला दुसऱ्या केसमध्ये अडकलेले. जज्जसाहेबांनी पेन उचललं.

"साहेब, थांबा!" चिमण ओरडला.

"खाली बसा," सरकारी वकील अदिती मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या. "आपल्याच बाजूने चाललंय."

पण चिमण पुढे गेला होता. "साहेब, तो येतोय. गाडी पंक्चर झालीय."

"तुम्ही कोण? आरोपीचे भाऊ?"

"नाय साहेब. त्याने माझं डोकं फोडलंय."

मागच्या बाकांवर हसू फुटलं. जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "पंक्चर झाल्याचं तुम्हाला कसं माहीत?"

"मागं मीच बसलो व्हतो ना."

अदिती मॅडमनी कपाळाला हात लावला. त्यांचा एकुलता एक साक्षीदार आरोपीच्या गाडीवरून येत होता.

"म्हणजे तुमच्यात तडजोड झाली म्हणायची," जज्जसाहेब म्हणाले.

"अजिबात नाय! आमी एकमेकांशी बोलत पन नाय."

"मग वॉरंट निघालं तर तुमचं काय बिघडतं?"

"काठीचं काढा ना, साहेब. पंक्चरचं नको. त्यात त्याची काय चूक?"

जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबतो. त्यानंतर एक मिनिटही नाही."

चिमणचा जीव टांगणीला लागला. तो व्हरांड्यात जाई, फाटकाकडे बघे, परत आत येऊन घड्याळाकडे बघे. महालक्ष्मीला त्याने नारळ बोलला. "तुझा आरोपी आला काय रे?" शिपायाने दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा चिमणला आपलीच मान खाली गेल्यासारखं वाटलं. पळाला तर नसेल? पळाला असेल तर आपण भर कोर्टात खोटे पडलो.

सुट्टी व्हायला आली, जज्जसाहेबांनी पुन्हा पेन उचललं, आणि दारात गडबड झाली. पोलिसाला न जुमानता बाबल्या आत घुसला. घामाने थबथबलेला, अंगाला काळं वंगण, आणि खांद्यावर मोटारसायकलचं चाक.

"हे काय? मुद्देमाल?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"नाय साहेब, पुढचं चाक. गाडी टपरीशेजारच्या बाईकडं ठेवली, हे सोडवलं आनि टेम्पोत बसलो. पंक्चर काढत बसलो असतो तं उशीर झाला असता."

"तुमचे वकील आलेले नाहीत. आज तुमची बाजू कोणी मांडली माहीत आहे का?"

बाबल्याने चिमणकडे पाहिलं. चिमण छताकडे पाहू लागला. चाक खाली ठेवून बाबल्याने हात जोडले.

"साहेब, मी मारला त्याला. मागून मारला."

"विचार करून बोला. कोणी दबाव आणला का? वकिलांना विचारायचंय?"

"आजवर वकिलांनी सांगलं तेच बोललो. हे माझं हाय."

हे ऐकायला चिमण दोन वर्षं झुरला होता. ऐकलं की कसं छाती काढून हसायचं, तेही त्याने ठरवून ठेवलं होतं. पण आता त्याचे डोळेच भरून आले आणि त्याने ते बाहीने पुसले.

जज्जसाहेबांनी सगळं लिहून घेतलं, अदिती मॅडमना विचारलं आणि शिक्षा सुनावली. कोर्ट उठेपर्यंत कैद. घरी जायचं नाही, बाहेर पडायचं नाही, संध्याकाळपर्यंत इथेच बसायचं.

शिपायाने बाबल्याला भिंतीकडच्या बाकावर बसवलं. वर पंखा फिरत होता. सकाळपासून उन्हात तापलेल्या बाबल्याने पाय लांब केले.

चिमण नमस्कार करून निघाला. न्याय मिळाला होता, छाती हलकी झाली होती. दाराशी पोचतो तोच मागून हाक आली.

"चिमण, चाक."

"चाकाचं काय?"

"पंक्चर नाय काढायचा? मना उठता येत नाय. साहेबाने बसवलाय."

चिमणने चाकाकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या रणरणत्या उन्हाकडे. तो तसाच माघारी फिरला. "साहेब, याला जरा वेळ सोडता? बाजारात जाऊन येईल."

"शिक्षा म्हणजे शिक्षा," जज्जसाहेब कागदातून मान वर न करता म्हणाले. "न्याय तुम्हालाच हवा होता ना?"

चिमणने मुकाट्याने चाक खांद्यावर घेतलं. पंख्याखालून बाबल्या मायेने म्हणाला, "हवा नीट भरून घे रे. परत दोघांना बसायचंय."