टीव्हीत फोटो आला

"आज माहा संघदीप पुरा टीव्ही भरून दिसन! सगळे या, चहा माह्याकडून!" अनसिंगच्या शालिग्रामच्या हॉटेलात भिवाजींनी सकाळीच हुकूम सोडला.

पोराची प्रगती म्हणजे भिवाजींना न उमजलेलं कोडं होतं. रिसोडच्या साप्ताहिकात सोयाबीनचे भाव लिहायचा, तेव्हा त्याचा हा एवढा फोटो छापून यायचा! अकोल्याच्या मोठ्या पेपरात लागला, तर फोटो गेला, नुसतं नाव राहिलं. दिल्लीला गेला, तर नावही गेलं, पोरगं 'आमचा प्रतिनिधी' झालं! "अजून मोठा झाला तं पुरा गायब होईन," असं त्याची आई भागिरथाबाई म्हणायच्या. "बाबू, एकदा तोंड दाखव रे," असा भिवाजींचा धोशा. शेवटी पोरानं टीव्हीची नोकरी धरली आणि थेट बैरूतला गेला. तिथं लढाई पेटलेली.

शालिग्रामचा टीव्ही मुका. आवाज कधीचाच गेलेला. क्रिकेट पाहायला आवाज लागतो कोणाला? बातम्या सुरू झाल्या. आधी धूर, मग पडलेली इमारत, आणि मग संघदीप! पण हलेना, पापणी लवेना. चौकटीत नुसता फोटो!

आता तिकडून चित्र येत नसलं की चॅनेलवाले फोटो लावतात आणि माणूस चॅनेलच्या फोनवरून बोलतो, हे तुम्हाला-मला ठाऊक. अनसिंगात मात्र फोटो चौकटीत गेला की माणूसही गेला!

"भाऊ, घरी चला," शालिग्राम हळूच म्हणाला.

भिवाजींनी पोराला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद! "उचल ना बे!" ते फोनवरच खेकसले आणि घराकडं निघाले.

ते घरी पोचेपर्यंत किराणावाल्या नरेंद्रनं मोबाइलच्या स्टेटसला मेणबत्ती पेटवलीसुद्धा! त्यात त्या दिवशी पौर्णिमा. भागिरथाबाई पांढरी साडी नेसून बुद्धविहारातून वंदना करून येत होत्या. पांढरी साडी पाहून बायांना वाटलं, हिलेही समजलं! साऱ्याजणींनी एकदम गळा काढला.

"काहून रडून राह्यल्या बाई? कोण गेलं?" भागिरथाबाईंनी विचारलं. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि अंगणातच बसल्या.

सतरंज्या पडल्या. माणसं जमली. "मीच त्याले म्हटलं व्हतं, तोंड दाखव," भिवाजी एवढंच घोकत होते.

तेवढ्यात फोन वाजला! "बाबा, मी संघदीप."

"जिवंत हाय! माहा पोरगा जिवंत हाय!" भिवाजी नाचलेच.

"बाबा, बाजूची इमारत पडली. माहा ड्रायव्हर हसन तिच्याखाली..."

पण नरेंद्रला दम निघतो होय! दुकानातली फटाक्यांची लड आणून त्यानं आनंदानं अंगणातच पेटवली. तडतड, तडतड, धडाम!

फोनात धप्पकन आवाज आला, पोरगं तिकडं जमिनीवर पालथं पडलं होतं. पोरगं किंचाळलं, "बाबा! खाली झोपा! आईले घ्या, खाली झोपा!"

"अरे, फटाके हायेत..."

"झोपा म्हणतो ना!"

पोराचे दात वाजत होते, ते इकडं ऐकू येत होतं. भिवाजींनी बायकोचा हात धरला. साऱ्या गावासमोर नवराबायको अंगणात पालथे पडले. कोणी हसलं नाही.

"झोपलो बाबू," भिवाजी मातीत तोंड घालून म्हणाले, "आमी दोघंही झोपलो. आता तू ऊठ."