परातीतला समुद्र

आमच्या खामगावात भांड्यावर नाव टाकायला गुलाबमामांकडे गेलं, की नावाबरोबर समुद्रही गळ्यात पडतो. डब्यावर नुसतं 'लताबाई' टाकायला सांगा, खाली चार ओळी बारक्या लाटा येणारच. विचारलं तर म्हणतात, "जागा रिकामी होती."

मामांनी समुद्र पाहिलेला नाही. मुलगा नितीन मालवाहू बोटीवर स्वयंपाकी आहे. त्यानं कुठल्याशा बंदरातून एक जुनं चित्र पाठवलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, वादळात सापडलेलं शिडाचं जहाज. मामांनी ते दुकानात टांगलं आणि आम्ही गिऱ्हाइकं कामातून गेलो. आपण भांडं घेऊन ताटकळावं आणि मामा भिंग लावून चित्राला चिकटलेले. "रेघ पाहा सर, रेघ. सारं आभाळ निस्त्या रेघायचं, अन् एक रेघ दुसरीले शिवत नाई." रेघा बघून बघून माझ्या चष्म्याचा नंबर वाढला.

माझ्या मुलीच्या लग्नासाठी पितळी परात दिली, तर पंधरा दिवस रखडवून तिचं नाव चक्क उलटं कोरलं. छापायच्या पत्र्यावर अक्षरं उलटी कोरतात, हे मामांना नुकतंच कळलं होतं. माझी परात कोणी छापणार नाही, हे मात्र सुचलं नाही. वर मलाच परात आरशात बघायला सांगितलं. माझं डोकंच फिरलं.

लग्न आठवड्यावर आलेलं. दुसरी परात घेऊन मी त्यांच्यासमोर ठाण मांडून बसलो. नाव सरळ आलं. मी हुश्श करतोय तोवर खाली जहाज सुरू झालं. घाई करा म्हटलं, तर म्हणाले, "काऊन घाबरून राह्यले सर?"

शिडं, दोर, सगळं चित्राबरहुकूम. समुद्र मात्र सपाट. मला आयतीच संधी मिळाली. म्हटलं, मामा, चित्रात लाटा डोलकाठीला भिडल्यात आणि तुमचा समुद्र गावतळ्यासारखा? कुठं गेली तुमची रेघ?

मामांनी छिन्नी खाली ठेवली.

"येतात मले त्या लाटा. एक डाव ताटात कोरल्या होत्या. मंग नित्याचा वीस दिवस फोन नाई आला." ते परातीवरून हात फिरवत राहिले. "ते ताट घासून साफ केलं. तवापासून वादळ नाई कोरत मी."

मला एकदम मुलीची आठवण आली. तीही दूर चालली होती, अनोळखी माणसांत. इतके दिवस केलेल्या चिडचिडीची मला लाज वाटली. परातीत जहाजापुढे अजून बरीच जागा होती.

"मामा, सावकाश करा," मी म्हणालो. "काठापर्यंत जाऊ द्या समुद्र. असाच सपाट."