आबा तिरोडकरांची फिल्म कंपनी

आमच्या लालबागच्या चाळीत आबा तिरोडकर माणसाला नाव विचारायच्या आधी नोकरी देत. मी राहायला आलो त्या संध्याकाळी हमालाशी घासाघीस करताना त्यांनी मला ऐकलं आणि म्हणाले, "तुझो आवाज बरो आसा. आजपासून तू आमच्या फिल्म कंपनीत निवेदक."

पगार नव्हता. कंपनीही नव्हती. आबा थिएटरात प्रोजेक्टर चालवत, आणि त्यांच्याकडे चावी देऊन चालणारा एक जुना कॅमेरा होता. शेजारच्या इंदूताई कपडेपट सांभाळणार होत्या. दूधवाला वितरणाचा प्रमुख. "दारोदार जाता तो. ह्याच्यापेक्षा मोठो वितरक खंय मिळतलो?"

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. काळाचौकीहून मोर्चा निघाला तसे आबा कॅमेरा घेऊन हातगाडीवर चढले. हवालदार ओरडला, "उतरा खाली." आबांनी त्यालाही नेमून टाकलं. "साहेब, तुम्ही आमचे व्यवस्थापक. जरा गर्दी मागे सारा." आणि हवालदाराने खरंच सारली.

ती फिल्म आम्ही चाळीच्या अंगणात इंदूताईंच्या चादरीवर दाखवली. चित्र मुकं, म्हणून घोषणा मी द्यायच्या. पण माझं ऐकतो कोण? "अरे, तो बघ आपला बाळ्या," म्हणत अख्खी चाळ उभी राहिली आणि स्वतःच घोषणा द्यायला लागली. फिल्म पुन्हा लावावी लागली, मग पुन्हा.

मग परळ-वरळीच्या चाळींची बोलावणी आली. मग लग्नं, मग एका साबणवाल्याची जाहिरात, आणि शेवटी चक्क गोष्टीचा बोलपट. तो चालला. दादरला दोन खोल्यांचं ऑफिस झालं, दारावर पितळी पाटी लागली. आम्ही सगळे हवेत होतो.

उद्घाटनाला नारळ फोडायची वेळ झाली आणि आबा गायब. इंदूताई गच्चीत धावल्या, दूधवाला फुटपाथवर. "आबा, ओ आबा," सगळीकडून हाका.

मला ते मागच्या जिन्याखाली सापडले. नवा सदरा घालून, डोळे मिटून उभे.

"आबा, सगळे शोधतायत तुम्हाला."

"गप रव," ते हळूच म्हणाले. "गावाक आई अशी हाक मारी. ती गेली, मगे माका कोणी तशी हाक मारूक नाय. वायच आयकतंय."

वरून इंदूताईंची हाक पुन्हा आली. आबांनी ओ दिली नाही. मीही दिली नाही.