वाऱ्याची सेटिंग

व्हर्लिन स्ट्राऊडने कॅल्डर स्टेट कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाला सलग चौदा सामने जिंकून देऊन देशाचं अजिंक्यपद मिळवून दिलं, तेही दिवाणखान्यातल्या सोफ्यावर, लोकरीच्या मोज्यांत. टीव्हीच्या पडद्यावर विजयाचे रंगीत कागद अजून उडत होते, तेवढ्यात बायकोचा धाकटा भाऊ कर्ट हातात राजमा-खिम्याच्या चिलीचा वाडगा घेऊन आत आला.

"दाजी, हे काय चाललंय?"

"अजिंक्यपद."

"कॅल्डर स्टेटला? नऊ वर्षांत आमच्या मेरियन टेकला एकदा तरी हरवलंय का तुम्ही?" कर्टने चमचा चाटला. "व्हिडिओ गेम तुमचे लाड करतोय. खोट्या मापाचा माल आहे हा."

व्हर्लिन काउंटीचा वजनमापे निरीक्षक होता. पेट्रोलचे पंप आणि खाटकांचे काटे तपासण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती. 'खोटं माप' हे शब्द त्याच्या घरात शिवीच्या बरोबरीचे होते.

"मी माप खरं करून दाखवतो," तो म्हणाला.

"करा. मग गुरुवारी माझ्याशी खेळा. हरलात तर शनिवारी आपल्या संघांच्या खऱ्या सामन्याला आमची नारिंगी जर्सी घालून तुमच्याच गाडीतळावर उभं राहायचं."

"आणि तू हरलास तर?"

"तर मी तुमची हिरवी घालीन. पण उगाच इस्त्री करून ठेवू नका."

बाहेरच्या माणसाला ही पैज किरकोळ वाटेल. पण मैदानाबाहेरच्या गाडीतळावर व्हर्लिन बावीस वर्षं एकाच जागी गाडी लावून, मागची फळी उघडून सॉसेजेस भाजत आला होता. आजूबाजूची तीस-चाळीस कुटुंबंही तितकीच जुनी. तिथे टेकचा नारिंगी रंग कुणी कधी पाहिला नव्हता. एकदा कुणीतरी गाजरं आणली, तर तीही झाकून ठेवायला लावली होती.

व्हर्लिन कामाला लागला. गेममध्ये खऱ्याखोट्याचं प्रमाण ठरवायला चाळीसेक पट्ट्या होत्या. गडी किती दमतात, हातातला चेंडू किती वेळा पाडतात, पंच किती कडक, अशी प्रत्येकाची वेगळी पट्टी, ती डावी-उजवीकडे सरकवायची. व्हर्लिनने कॅल्डरच्या गेल्या पाच खऱ्या सामन्यांच्या चित्रफिती लावल्या आणि वही घेऊन बसला. सोपे झेल सुटले, सरासरी सहा. पंचांनी दंड केले, नऊ. मग पट्टी सरकवायची, एक सामना खेळायचा, मोजायचं, पुन्हा सरकवायची.

मंगळवारपर्यंत त्याचा अजिंक्य संघ एकतीस-सहाने हरू लागला.

"सहा झेल सुटले! नेमके सहा!" व्हर्लिन आनंदाने ओरडला.

"स्वतःच्याच पोरांना अधू करतोयस आणि वर टाळ्या वाजवतोयस," बायको मार्लिस म्हणाली.

बुधवारी त्याला वारा आठवला. कॅल्डरचं मैदान उत्तरेला उघडं. नोव्हेंबरात तिथून असा वारा येतो की टोपी एका माणसाची आणि पाठलाग तिघांचा. तो वारा मोजायचं यंत्र घेऊन रिकाम्या मैदानावर तासभर उभा राहिला. ताशी चोवीस मैल. घरी येऊन त्याने गेममध्ये तेवढाच वारा त्याच दिशेने सोडला आणि पहिल्यांदाच अडकला.

खांबांमधून लाथेने चेंडू मारला की तीन गुण. गेममध्ये त्यासाठी आधी नेम धरायचा, मग एक काटा सरसर धावायचा, तो मधल्या रेघेवर येताच बटण दाबायचं. व्हर्लिनने चाळीस वेळा मारून पाहिलं. सात गेले.

"खरा किकर दहात सात मारतो," तो वैतागून म्हणाला. "हे मापात बसत नाही."

"कसं बसेल?" मार्लिस म्हणाली. "पाय एकवीस वर्षांच्या पोराचा आणि अंगठा तुझा."

व्हर्लिन लगेच उठला आणि गॅरेजच्या माडीवर गेला. तिथे त्यांचा भाडेकरू सोरेन राहायचा. सोरेन कॅल्डर स्टेटचा किकर होता, खराखुरा.

गुरुवारी संध्याकाळी तिघे सोफ्यावर बसले. कर्टची हरकत नव्हती. "येऊ दे की, दाजी. तो मैदानावरही चुकतोच."

सोरेनने पडद्यावर स्वतःला शोधलं आणि त्याचा चेहरा पडला. "काका, माझ्या पायाला शंभरात चौसष्ट? मला भूगोलात याहून जास्त होते!"

सामना मात्र रंगला. दोन्हीकडचे गडी चेंडू पाडत होते, दमत होते, दंड खात होते. शेवटची चार सेकंदं उरली तेव्हा टेक चौदा, कॅल्डर तेरा. छत्तीस यार्डांवरून एक लाथ, की सामना खिशात. व्हर्लिनने सोरेनच्या हातात कंट्रोलर दिला. सोरेनने श्वास रोखला. काटा रेघेवर आला आणि त्याने नेमकं बटण दाबलं. चेंडू सरळ उडाला, मग चोवीस मैलांच्या वाऱ्याने त्याला अलगद उजवीकडे उचललं आणि खांबाच्या बाहेरून नेलं.

सोरेन म्हणाला, "काका, मानलं तुम्हाला. गेल्या वर्षी टेकविरुद्ध माझी लाथ अशीच गेली होती."

कर्टने पिशवीतून घडी घातलेली जर्सी काढली. "मोठ्या मापाची आणलीय, दाजी. तपासून घ्या."

तो गेल्यावरही सोरेन उठेना. तीच लाथ तो पुन्हा पुन्हा मारत राहिला. विसाव्या प्रयत्नाला त्याने डाव्या खांबाच्याही बाहेर नेम धरला. वाऱ्याने चेंडू आत आणून सोडला. "अच्छा," तो स्वतःशीच म्हणाला आणि झोपायला गेला.

शनिवारी व्हर्लिन नारिंगी जर्सीत सॉसेजेस भाजत उभा राहिला. पलीकडच्या मिल्ड्रेडबाईंनी बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याकडे मोहरीचा सॉस मागितला नाही. म्हाताऱ्या हार्लनने तर आपली खुर्ची उचलून पाठमोरी ठेवली. "आजारी आहेस का रे?" एवढंच तो म्हणाला. मैदानातही व्हर्लिनच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या.

शेवटच्या मिनिटाला टेक दोन गुणांनी पुढे होतं आणि सोरेन अडतीस यार्डांवर उभा होता. उत्तरेचा वारा सुटला होता. सोरेनने डाव्या खांबाच्या बाहेर लाथ मारली. लोकांनी डोकी धरली. चेंडू हवेत वळला, आत आला आणि खांबांच्या बरोबर मधून गेला.

नऊ वर्षांनी कॅल्डरने टेकला हरवलं. गाडीतळावर लोकांनी व्हर्लिनला खांद्यावर घेतलं.

"ही जर्सी! हिनेच केलं!" हार्लन ओरडत होता.

"अरे, जर्सी नाही, वारा!" वरून व्हर्लिन ओरडला. "ताशी चोवीस मैल! मी मोजलाय! वही आहे माझ्याकडे!"

"वही ठेव घरी. ही अंगातून काढू नकोस!"

कर्ट गर्दीतून वाट काढत आला. "दाजी, माझी जर्सी द्या. तिला तुमचा वास लागायच्या आत."

"हात लावशील तर बघ!" मिल्ड्रेडबाई आडव्या आल्या.

तेवढ्यात आंघोळ करून, ओल्या केसांनी सोरेन तिकडे आला. व्हर्लिनला हायसं वाटलं. "ये, ये! बाबा रे, सांग यांना, लाथ कशी बसली ते!"

सोरेनने दोन मिनिटं सगळं नीट समजावलं, वारा, दिशा, डाव्या खांबाच्या बाहेरचा नेम. लोकांनी आदराने ऐकून घेतलं. व्हर्लिनचा चेहरा उजळला.

मग सोरेन जवळ आला आणि हळूच म्हणाला, "पण काका, पुढच्या शनिवारीही हीच घाला हं. आणि काकूंना सांगा, धुवायची नाही."