चष्म्याच्या घरातला व्हॉल्व्ह

गाडीचं इंजिन खोलायचं ठरलं, तेव्हा सासरेबुवांनी आधी सुनेकडून गुलाबी नेलपॉलिश मागून घेतलं. तिने कारण विचारलं नाही. दूधवाल्याच्या मापावर नजर ठेवणाऱ्या माणसाला कारणं विचारायची नसतात, हे ती लग्नानंतर लवकरच शिकली होती.

मुलाने निक्षून सांगितलं होतं, रविवारपर्यंत गाडी चालू झाली तर ठीक, नाहीतर भंगारात. त्यामुळे सासरेबुवांचा संशय दुहेरी होता. मिस्त्री अस्सल पार्ट लांबवून भलतेच बसवणार, आणि मुलगा त्याला सामील असणार.

मिस्त्रीने इंजिनचा वरचा भाग, हेड, उतरवून आठ व्हॉल्व्ह काढले. सगळे काजळीने कोळशासारखे झाले होते. त्याची पाठ वळताच सासरेबुवांनी प्रत्येकावर गुलाबी ठिपका दिला. मग मिस्त्री फोनवर बोलायला बाहेर गेला आणि त्यांना त्याहून भारी युक्ती सुचली. त्यांनी एक व्हॉल्व्ह उचलून चष्म्याच्या घरात घातला. मिस्त्री साव असला तर बोलेल, चोर असला तर गप्प बसेल.

जेवून परत आले, तर उरलेले सात व्हॉल्व्ह चकचकीत आणि ठिपका एकावरही नाही. थिनरमध्ये बुडवून घासले, असं मिस्त्री म्हणाला. आठव्याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

"गप्प आहे," घरी येऊन ते सुनेच्या कानात म्हणाले. "म्हणजे चोरच."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री खोकी सरकवत होता, बाकाखाली वाकत होता, केरसुद्धा चाळत होता. सासरेबुवांच्या मते तो पुरावा नष्ट करत होता.

रविवारी मुलगा भंगारवाल्याला घेऊनच गॅरेजवर आला. मागोमाग सून. मिस्त्रीचा चेहरा उतरला होता.

"एक व्हॉल्व्ह माझ्या हातून हरवला," तो म्हणाला. "सगळं गॅरेज पालथं घातलं. लाजेने बोललो नाही. आता हा पार्ट कुठे मिळत नाही."

"मग प्रश्नच मिटला," मुलगा म्हणाला. भंगारवाला बॉनेटवर टकटक करून पत्रा जोखू लागला.

"हात काढ," सासरेबुवा त्याला म्हणाले. मग मुलाकडे वळले. "तुला दवाखान्यातून याच गाडीत आणलं. बाळ बदललं तर नाही ना, म्हणून वाटेत तीनदा थांबून बघितलं होतं मी."

"मग? पटली खात्री?"

"अजून बघतोच आहे."

सून हसली नाही. तिची नजर त्यांच्या खिशावर होती. गेले दोन दिवस ते चष्मा नुसता हातात घेऊन फिरत होते. "बाबा," ती हळूच म्हणाली, "चष्म्याचं घर काढता का जरा?"

सासरेबुवांनी भंगारवाल्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि घर उघडलं. गुलाबी ठिपका सगळ्यांना दिसला. मिस्त्री मटकन स्टुलावर बसला. ओरडला नाही, एवढंच म्हणाला, "दोन रात्री झोपलो नाही हो, काका."

सासरेबुवांनी स्वतः त्याच्यासाठी चहा सांगितला. मग मिस्त्रीने त्यांच्या डोळ्यांदेखत तो व्हॉल्व्ह थिनरमध्ये बुडवला, घासून बसवला आणि सगळं जोडून संध्याकाळी किल्ली फिरवली. वर्षानुवर्षं खडखडणारं इंजिन मांजरासारखं गुरगुरायला लागलं. भंगारवाला केव्हाच निघून गेला होता.

सासरेबुवांनी बॉनेटला कान लावला. कपाळावर आठी चढली. "फारच गुपचूप चालतंय. हे आपलं नाही."

"बाबा, एक तरी आपलाच आहे ना? तुमच्यासमोर धुतला," मागच्या सीटवर जाऊन बसलेली सून म्हणाली.

त्यांनी विचार केला, दार उघडून सुनेशेजारी बसले आणि मिस्त्रीला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "तो एक झाला. बाकीच्या सातांचं काय?"