पगारेकाकांच्या घशातला परग्रहवासी

गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला नवा माणूस एकदा ते पगारेकाकांच्या दारातच सोडून जिन्यावरून धडधडत खाली पळाला होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. दार उघडं, घरात कोणी दिसत नाही, आणि आतल्या खोलीतल्या साड्यांच्या कपाटातून कोणीतरी चिरक्या, ओलसर आवाजात म्हणतंय, "मानवा, तुझ्या ग्रहावर फार उकडतं रे!"

कपाटात पगारेकाका होते. साड्यांमुळे आवाज घुमत नाही, असा त्यांना शोध लागला होता, त्यामुळे खालच्या कप्प्यात शिरून ते सराव करायचे. तेवढ्यात काकू गच्चीवरून वाळवण घेऊन आल्या. रिकामा जिना, दारात आडवं सिलिंडर आणि कपाटातून बाहेर आलेले दोन पाय बघून त्यांनी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मला हाक मारून खाली बोलावलं. मनीषा, तूच सांग बाई, या माणसाबरोबर मी संसार कसा करू, असा त्यांचा सवाल होता. त्यांचा संसार तोवर पस्तिसेक वर्षांचा झाला होता.

आमची कॉलनी नाशिक रोडला, रेल्वेच्या गाड्यांचा आवाज येईल इतक्या अंतरावर. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. नोकरीत असताना कामगारांच्या नाटकांत हौसेनं कामं करायचे, पण त्यांच्या वाट्याला कायम हवालदार, नाहीतर तार घेऊन येणारा पोस्टमन. याचं त्यांना वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नाही. "मेन रोल कोणी बी करील," ते म्हणायचे, "तारवाला चुकला तर नाटक पुढं सरकत नाय."

निवृत्तीनंतर एका मित्राबरोबर ते गंगापूर रोडच्या एका छोट्या स्टुडिओत गेले. एका जपानी कार्टूनला मराठी आवाज द्यायचे होते आणि मित्राला त्यात वडिलांची भूमिका हवी होती. काका नुसते सोबतीला. आत गेल्यावर त्यांनी तिथल्या खुर्चीकडे बोट दाखवून विचारलं, इथं बसलं तर चालेल का? रेकॉर्डिंग करणारा दीपक वळला आणि म्हणाला, काका, हेच परत म्हणा. मित्राला काम मिळालं नाही. काका बुकुबू झाले.

बुकुबू हा परग्रहावरून आलेला, हिरवा, बटाट्याच्या आकाराचा प्राणी. त्याचं यान बिघडतं आणि तो एका जपानी कुटुंबाच्या न्हाणीघरात मुक्काम ठोकतो. गोष्ट त्या घरातल्या मुलीची; हा आपला मधूनमधून येतो, काहीतरी भलतंच समजतो आणि जातो. एका भागात त्याची जेमतेम चार वाक्यं असतात. त्या चार वाक्यांसाठी काकांनी कॉलनीला सळो की पळो करून सोडलं.

परग्रहवाल्याला सगळं नवीन दिसतं, म्हणून आपल्यालाही दिसलं पाहिजे, असा त्यांचा अभ्यास. भाजीवालीच्या गाडीसमोर उभे राहून ते फ्लॉवरकडे इतका वेळ टक लावून बघायचे, की तिनं शेवटी तो फ्लॉवर झाकून ठेवला. कुकरची शिट्टी झाली की दचकायचे. एका भागात बुकुबू मिठाई समजून साबण खातो. तो आवाज भाकरी चावून येईना, खारी चावून येईना, तेव्हा त्यांनी कडुनिंबाचा साबण चावला. काकूंनी त्यांना मोरीत उभं करून चुळा भरायला लावल्या, आणि तोंडातून फेस येत असतानाही ते मला खुणेनं विचारत होते, ऐकलास का, कसा आला?

काकूंनी ते कार्टून एकदाही पाहिलं नव्हतं. घरातला फुकटचा आवाज पुरेसा आहे, असं त्यांचं म्हणणं.

मग गेल्या हिवाळ्यात काकांचा घसा बसला. आधी वाटलं सर्दी. काढे झाले, हळद-दूध झालं, आवाज काही सुटेना. बुकुबूचा आवाज तर येईचना. नुसती हवा यायची. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ आहे, काढावी लागेल आणि तपासायला पाठवावी लागेल, तोवर एक शब्द बोलायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. काकांनी खुणेनं काहीतरी विचारलं. काकूंना वाटलं जेवणाचं विचारतायत. डॉक्टरांना बरोबर कळलं. आवाज परत येईल, पण पहिल्यासारखा येईल की नाही, हे आत्ता सांगता येणार नाही, असं ते म्हणाले.

कॉलनी एकदम शांत झाली. ज्यांनी तक्रारी केल्या होत्या, ते जिन्यात थांबून चौकशी करू लागले. काका हातवारे करायचे आणि काकू त्याचा अर्थ सांगायच्या, बहुतेक वेळा चुकीचा. पंखा लावा म्हटलं की चहा यायचा. काका तो निमूट प्यायचे.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी दवाखान्यात डबा घेऊन गेले, तेव्हा काकू औषधं आणायला गेल्या होत्या. काकांनी मला खुणेनं बसवलं, आणि कितीतरी दिवसांनी मी त्यांचा आवाज ऐकला. अगदी बारीक, खरखरीत. मी त्यांना गप्प करायला गेले, तर त्यांनी हात वर केला.

"उद्यापासून बोलता येतंय का नाय, कोणाला ठाव," ते म्हणाले. "मला तो बुकुबू सापडला कुठं, ते कोणाला सांगितलंच नाय मी."

मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. नांदगावकडच्या खेड्यातून ते पहिल्यांदा नाशिकला शिकायला आले, वसतिगृहात राहिले. कोणाच्या घरी गेलं की कुठं बसायचं, बसायचं की उभंच राहायचं, प्याल्याला हात लावायचा की वरून पाणी प्यायचं, काही उमगायचं नाही. गावात ते सगळं ठरलेलं होतं. इथं ठरलेलं आहे की नाही, तेच कळत नव्हतं. म्हणून ते प्रत्येक गोष्ट आधी विचारायचे. बोलणं ऐकून पोरं हसायची, आणि हळूहळू तेही मुद्दाम हसवायला लागले. हसणारा माणूस हाकलून देत नाही, एवढं त्यांना कळलं होतं.

"खुर्चीचं इचारलं, तवा दीपकला वाटलं, मी आवाज काढला," ते म्हणाले. "मी काय काढला नव्हता."

मी डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं. तेच पुढं म्हणाले, "पण बुकुबूचं बरंय बघ. त्याला समदे हसतात, पण ताट वाढताना त्याचं बी वाढतात. जा म्हणत नायत. मला ते काम लय आवडतं."

काकू आल्या आणि ते पुन्हा गप्प झाले.

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतरचे दिवस मात्र वाईट गेले. तपासणीचा निकाल यायचा होता. काकू दिवसभर काहीतरी घासत बसायच्या. एका दुपारी मी खाली गेले, तर त्या मोबाईलवर ते कार्टून बघत होत्या, आवाज अगदी कमी करून. काका आत झोपले होते. मला बघून त्यांनी मोबाईल उलटा ठेवला आणि डोळे पुसत म्हणाल्या, मेला किती मूर्ख आहे तो हिरवा.

स्टुडिओतून दीपकचा निरोप आला, की बाकी सगळ्यांचं रेकॉर्डिंग उरकलंय, बुकुबूची जागा तेवढी मोकळी ठेवलीय, दुसऱ्या कोणाला घ्यायचा विचार नाही. काकूंनी तो निरोप मला दोनदा वाचायला लावला.

निकालाच्या दिवशी मीही दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी कागद बघितला आणि सरळ सांगून टाकलं, गाठ साधी होती, काळजीचं काही नाही. घसाही छान भरून येतोय. आजपासून थोडं थोडं बोला. कार्टूनचा आवाज मात्र अजून काही आठवडे नको. काकांनी हात जोडले. काकू उठायला गेल्या आणि परत खाली बसल्या.

बाहेर येऊन आम्ही रिक्षा केली. काकू मध्ये, त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला काका. मला वाटत होतं, आता काका सुटतील, सगळं साठलेलं बाहेर येईल. पण ते बाहेर बघत बसले होते. काकू धीर धरून होत्या. मग त्या नेहमीच्या सुरात म्हणाल्या, आता परवानगी मिळाली तर तोंड शिवल्यासारखे काय बसलात?

काकांनी घसा साफ केला. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून काकूंसाठी 'अगं' आणि 'ऐकलं का' यापलीकडे काही ऐकलं नव्हतं.

"विमल," ते म्हणाले.

आवाज थोडा जाड झाला होता, पण त्यांचाच होता. बहुधा तेवढंच बोलायचं होतं.

काकूंनी पदर डोक्यावर सारखा केला. समोर आमच्या कॉलनीचं वळण आलं होतं. त्या पुढं वाकल्या आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "दादा, इकडून नको. जरा लांबून घ्या."