थोडासा धुळीचा त्रास

दिलेली वेळ पाळणे हे सुसंस्कृत समाजाचे पहिले लक्षण मानले जाते. लग्नाला, सभेला आणि वाचायला नेलेले पुस्तक परत करायला ती पाळली जात नाही हे खरे. पण आमच्या दातांच्या दवाखान्यात ती पाळली जाते, आणि अंगात ताप असेल तर विशेष काटेकोरपणे पाळली जाते. या गुणाची दखल कोणीतरी घ्यायला हवी होती. माझ्यापेक्षा योग्य माणसाने ती घेतली असती तर बरे झाले असते. परंतु योग्य माणसे कामात असतात आणि मी निवृत्त आहे.

गेल्या थंडीत मला नवी कवळी बसवली. ती हिरडीला टोचू लागल्यामुळे घासून घ्यायला मला त्या दवाखान्यात वरचेवर जावे लागले. तिथे बसून जे दिसले ते लिहितो. चुकत असेन तर सांगावे.

दवाखान्यात डॉक्टरबाई एकट्याच. दरवर्षी एकदा दात तपासून आणि साफ करून घ्यावेत असा त्यांचा आग्रह असतो आणि लोकही ऐकणारे आहेत. त्यामुळे नंबर फार पुढचा मिळतो. तो चुकवला की नाव रांगेच्या शेपटाला जाते, आणि शेपूट पुढच्या थंडीपर्यंत पोचलेले असते. म्हणून माणसे नंबर जिवापाड जपतात. घरी पाहुणे आले तरी जपतात. नाक वाहू लागले, घसा बसला, अंग मोडून आले तर हमखास जपतात. (दाढ ठणकत असेल तर मात्र कित्येक जण नंबर चुकवतात. त्यांना भीती वाटते. सर्दीची वाटत नाही, कारण ती आपलीच असते.)

आता दात तपासायचे तर तोंड उघडावे लागते आणि डॉक्टरबाईंना आपले तोंड त्याच्यापासून वीतभर अंतरावर न्यावे लागते. त्या तोंडाला पट्टी बांधतात, पण नाक चोंदलेल्या माणसाच्या तोंडात आरसा, नळी आणि दोन बोटे एकदम गेली की तो जे करतो त्यापुढे पट्टीचे काही चालत नाही. हा शरीराचा धर्म आहे. यात कोणाचा दोष काढता येणार नाही.

दाराशी खिडकीत एक ताई बसतात. येणाऱ्या प्रत्येकाला त्या विचारतात, "ताप, सर्दी, खोकला काही?" या प्रश्नाला "हो" असे उत्तर मी एकदाही ऐकलेले नाही. शाल गुंडाळलेल्या एक आजी म्हणाल्या, "छे गं बाई, थोडासा धुळीचा त्रास आहे." एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "होता. आता उतरतोय." एका गृहिणीने सांगितले, "मला काही नाही हो, घरात सगळे आडवे झालेत," आणि त्या खुर्चीत बसल्यावर डोळे मिटून राहिल्या. मी मनाशी काढलेल्या हिशेबाप्रमाणे खोकणाऱ्यांपैकी निम्म्यांना धूळ बाधते, निम्म्यांना कालपासूनच उतार पडलेला असतो आणि उरलेल्यांच्या घरचे आजारी असतात. (बेरीज जास्त होते आहे हे मला दिसते. काही जण दोन गटांत मोडतात.) दवाखान्याची फरशी सकाळ-संध्याकाळ पुसली जाते, तरी तिथे इतकी धूळ कुठून येते हे शास्त्राला अजून उमगलेले नाही.

या सर्वांत मला अधिक आदर वाटला तो एका बँकेतल्या साहेबांबद्दल. ते टॉवेलाएवढा रुमाल घेऊन आले होते.

"आज सुट्टी का?" शालवाल्या आजींनी विचारले.

"आजारपणाची रजा टाकलीय," साहेब रुमालातून म्हणाले. "ऑफिसात सगळी बालबच्चेवाली माणसं. उगाच एकाचं दुसऱ्याला नको."

"मग इकडं कसे?"

"रजा पडलीच आहे, तर म्हटलं दात दाखवून घ्यावेत."

आजींना हे पटले. मलाही पटले. इतका सहृदय विचार मी पुस्तकांतही फार वाचलेला नाही.

बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्या आहेत आणि मधल्या टेबलावर जुने अंक. त्यांतले बरेचसे मीच आणून ठेवलेले. अंक चांगले वाचले जातात. वाचणारा आधी बोट जिभेला लावतो, मग पान उलटतो. पुढचाही तेच करतो, आणि त्याच पानाच्या त्याच कोपऱ्याला. अशा रीतीने ज्यांची एकमेकांशी ओळख नाही त्यांच्यातही काही देवाणघेवाण होते. वाचनाने माणसे जोडली जातात हे मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. ते कसे हे तिथे समजले.

हे सगळे असेच सुरळीत चालू राहिले असते, पण डॉक्टरबाईंच्या मुलीला बाळ झाले. मुलगी दूरच्या शहरात असते. बाळ दिवस भरण्याआधीच आले, बारीक होते, आणि बरेच दिवस दवाखान्यात राहून नुकतेच घरी गेले होते. आजीने अजून नातीला पाहिलेले नव्हते. रविवारच्या गाडीचे तिकीट काढलेले होते. मुलीने एकच अट घातली होती: शिंकणारे माणूस उंबरठ्याच्या आत येणार नाही, मग ते कोणीही असो.

त्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी पट्टीवर पट्टी बांधली, खिडक्या सताड उघड्या ठेवल्या (शालवाल्या आजींनी येऊन त्या लावल्या) आणि मंगळवारी माझी कवळी घासता घासता म्हणाल्या, "काका, तुम्ही वाचनालयातली माणसं. दाराला लावायला एक सूचना लिहून द्या ना. आजाऱ्यांनी येऊ नये अशी. पण कोणाचं मन दुखवू नका, वर्षानुवर्षांचे लोक आहेत."

माझी कवळी त्यांच्या हातात असल्यामुळे मला नकार देता आला नाही.

घरी जाऊन मी पहिला मसुदा केला: "आजारी माणसांनी आत येऊ नये." वाचून पाहिला. दवाखान्याच्या दारावर असे वाक्य कसे लावावे? पाणपोईवर 'तहानलेल्यांनी लांब राहावे' म्हणण्यासारखे ते वाटले. दुसरा मसुदा जरा सौम्य केला, तर तो शोकसंदेशासारखा झाला. अखेर बुधवारी पुढील मजकूर नेऊन दिला:

"नम्र विनंती. ज्या सन्माननीय व्यक्तींना सध्या, त्यांचा काहीही अपराध नसताना, ताप, सर्दी वा खोकला यांपैकी काही झाले असेल किंवा होऊ घातले आहे अशी शंका असेल, त्यांनी आपली मोलाची भेट प्रकृतीला आराम पडेपर्यंत पुढे ढकलण्याचा विचार केल्यास दवाखाना त्यांचा ऋणी राहील. (धुळीचा त्रास असलेल्यांनी गैरसमज करून घेऊ नये.)"

"काका, हे कंसातलं कशाला?" खिडकीतल्या ताईंनी विचारले.

"आजींना वाईट वाटायला नको."

डॉक्टरबाई आल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून सूचना दोनदा वाचली. "किती छान लिहिता हो," त्या म्हणाल्या. मला संकोच वाटला आणि ठसका लागला. त्या दिवशी सकाळपासून माझा घसा जरा खवखवत होता, पण नव्या कवळीने तसे होतेच.

सूचना लागली. मजकूर लांब आणि कागद लहान असल्यामुळे अक्षर बारीक काढावे लागले होते, म्हणून वाचायला जवळ जावे लागे. दाराशी घोळका जमू लागला. मागच्याने पुढच्याच्या मानेवरून वाचावे, पुढच्याने वळून मागच्याला एखादा शब्द समजावून सांगावा, असा एक छोटा अभ्यासवर्गच तिथे भरू लागला.

"हे लावलं ते उत्तम झालं," बँकेतले साहेब म्हणाले. त्यांच्या हिरड्यांना औषध लावायचे राहिले होते. "लोकांना अजिबात पोच नसते." आणि रुमालात शिंकले.

"मी तर म्हणते मोठ्या अक्षरात लावा," शालवाल्या आजी म्हणाल्या. त्या कंसापर्यंत पोचल्या आणि त्यांचा चेहरा खुलला. "आपलं बरीक सोडलंय हं यांनी."

माझ्या लिखाणाचे इतके कौतुक पूर्वी कधी झालेले नाही. सूचना वाचून परत गेला असा माणूस मात्र मी पाहिला नाही. जो तो ती वाचून आजूबाजूला पाही, मान हलवी आणि आत जाई.

शनिवारी मी खुर्चीत तोंड उघडून पडलो होतो. डॉक्टरबाईंनी "आ करा" म्हटले, तेव्हा आवाज त्यांचा वाटला नाही. इतक्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. बाईंच्या हातांत मोजे असल्यामुळे ताईंनी फोन मोठ्या आवाजावर लावून समोर धरला.

"आई, उद्या गाडी वेळेवर आहे ना? आवाज कसला येतोय तुझा?"

"मशीनचा."

"मशीन बंद कर."

बाईंनी मशीन बंद केले.

"आता बोल."

बाईंनी घसा साफ केला. तो झाला नाही. "अगं, काही नाही. थोडासा धुळीचा त्रास आहे."

मग मुलगी हळू आवाजात म्हणाली, "आई, मी त्याच दवाखान्यात, ताईंच्या टेबलाखाली बसून अभ्यास केलाय. धूळ काय असते ते मला माहीत आहे."

"पट्टी बांधून येते. दोन बांधते. दारातूनच बघेन."

"दारातून बघशील, मग पाळण्यापर्यंत येशील. मी ओळखते तुला." मग तिने समजूत घातली, "बरी झालीस की ये गं."

"मग पुढच्या आठवड्यातला दे ना एखादा दिवस."

"बघते. मधे सासूबाईंचा नंबर आहे."

नंबर चुकला की काय होते हे त्या खोलीत बाईंना सर्वांत चांगले ठाऊक होते. मग मुलीने कॅमेरा लावून फोनवर बाळ दाखवले. माझ्या डोक्यावरून मलाही थोडे दिसले: मूठभर चेहरा, आणि त्यात बहुतेक तोंडच. ते रडत होते. बाई कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मोजा घातलेले बोट त्यांनी पडद्याजवळ नेले आणि तसेच मागे घेतले.

"तोंड छान उघडते गं," त्या म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्यांनी डोळे बाहीला पुसले आणि म्हणाल्या, "काका, मिटा आता तोंड." माझ्या ते लक्षातच राहिले नव्हते.

"कोणी दिलं असेल हो हे?" ताई चिडून म्हणाल्या. "तो बँकवाला. नाहीतर मुख्याध्यापक. आजी तर आहेतच." माझे नाव कोणी घेतले नाही याचे मला समाधान वाटले. मी नाक पुसले. सकाळपासून ते किंचित वाहत होते, पण बाहेर वारा गार होता.

त्यानंतर नियम बदलला. तब्येत बरी नाही असे जो फोनवर कळवील त्याचा नंबर जाणार नाही, आठवड्याभरात दुसरा मिळेल, असे डॉक्टरबाईंनी जाहीर केले. नियम अत्यंत यशस्वी ठरला. दुसऱ्याच दिवसापासून फोन खणखणू लागले. ज्यांची दाढ काढायची होती, मुळापर्यंत खोदायचे होते, सुईचे नाव ऐकून ज्यांना घाम फुटे, अशा ठणठणीत माणसांना एकाएकी ताप चढू लागला. ती सगळी घरी राहिली. ज्यांना खरोखर ताप होता त्यांनी फोन केला नाही, कारण ती आजारी नव्हती. त्यांना धुळीचा त्रास होता. परिणामी हल्ली बाहेरच्या खोलीत निरोगी माणूस शोधून सापडत नाही, आणि निवड इतकी चोख क्वचितच कुठे झाली असेल.

डॉक्टरबाईंना नवा दिवस मिळाला आहे, सासूबाईंच्या नंतरचा. तोपर्यंत आपण सगळ्यांनी सांभाळून राहायचे आहे. ताईंनी माझी सूचना काढून टाकली आणि म्हणाल्या, "काका, उभ्याने वाचायचं नको. बसून निवांत वाचता येईल असं काही लिहा, टेबलावर ठेवते." म्हणून हे लिहिले आणि इतर अंकांबरोबर ठेवले आहे.

तेव्हा तुम्ही हे बहुधा तिथेच वाचत असाल. वाचताना तुम्हाला कोणीतरी आठवले असेल: समोरच्या खुर्चीतले ते रुमालवाले, किंवा कोपऱ्यातल्या त्या खोकणाऱ्या बाई. माझ्या सूचनेचेही असेच होत असे. त्या बाईंनी हे तुमच्या आधी वाचले आहे, आणि वाचताना त्या तुमच्याकडे पाहत होत्या.

आणि ते बोट आता पुन्हा जिभेकडे नेऊ नका. लेख इथेच संपला आहे.